ऐन चैत्रात गगनबावडा ते रांगणा

"पावसाळ्यात जावा की! आत्ता काय भाजून घ्यायला निघालायसा?"

हे वाक्य घरात, तालमीत आणि रंकाळा स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडं ऐकून घेतलं. बोलणाऱ्यांचं तसं चुकत नव्हतं. गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोक्यात जुलै-ऑगस्टच येतो. धुकं, धबधबे, भाजलेली कणसं आणि ओले बूट. पण त्या दिवसांत पश्चिम भागात जिकडं तिकडं पाणीच असतं. ते कुठून येतं, कुठं अडतं आणि शेवटी कुणाच्या वाट्याला जातं, यातलं काहीच तेव्हा कळत नाही. ते बघायचं तर उन्हाळ्यातच गेलं पाहिजे, असं माझं जुनं मत आहे. जोतिबाची चैत्र यात्रा उरकली, साखर कारखान्यांचे पट्टे पडले म्हणजे हंगाम संपला, रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर कमी झाले, आणि आम्ही निघालो.

वाट आम्हीच नकाशावर जोडून काढलेली. उत्तरेला गगनबावडा, दक्षिणेला रांगणा किल्ला, मध्ये कुंभी, धामणी, तुळशी, भोगावती, दूधगंगा आणि वेदगंगा यांची खोरी. सह्याद्रीच्या मुख्य धारेतून पूर्वेकडं डोंगररांगा फुटतात, दर दोन रांगांच्या मध्ये एक नदी वाहते आणि बहुतेक प्रत्येक नदीला वरच्या अंगाला धरण आहे. म्हणजे डोंगर चढायचा, उतरायचा, तलावाच्या काठानं जायचं आणि पुन्हा डोंगर चढायचा.

बरोबर माझा मेव्हणा आणि तालमीतला एक मित्र. मित्राला सगळे वस्ताद म्हणतात. लाल माती सोडून त्याला आता बरीच वर्षं झाली, पण खुराक सुटलेला नाही. त्याच्या पाठपिशवीत कपड्यांपेक्षा बदाम, खसखस आणि खडीसाखर जास्त होती. मेव्हण्याकडं नकाशा, मीठ-साखरेच्या पुड्या आणि सगळ्यांचे पैसे. पहाटे पाचला चालायला लागायचं, अकराच्या आत सावली गाठायची, चारनंतर पुन्हा निघायचं आणि प्रत्येकाजवळ चार लिटर पाणी असल्याशिवाय डोंगराला हात लावायचा नाही, एवढं ठरवून घेतलं.

गुरुवार, गगनबावडा

एसटी फुलेवाडी, बालिंगा, कळे करत निघाली. डाव्या-उजव्या हाताला ऊस हिरवागार. वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे दिसत राहिले. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुन्हा पाऊस सुरू व्हायच्या आत ते काढून नदी मोकळी करायची. उन्हाळ्यात या नद्या वाहतात त्या वरून सोडलेल्या पाण्यावर. धरणातून आवर्तन सुटलं की बंधारे भरतात, पाणी पुरवायचं असलं की उपसाबंदी लागते आणि नदीकाठच्या मोटारी गप्प होतात. शेजारी बसलेले आजोबा उपसाबंदी कधी उठणार याचीच चर्चा मागच्या सीटशी करत होते.

गगनबावड्याला उतरून गगनगडावर गेलो. वर गगनगिरी महाराजांचा आश्रम आणि गैबी पीराचा दर्गा. पश्चिमेला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. दिवसभराच्या धुरकट हवेत कोकण नीट दिसलं नाही. वारा मात्र सुटला होता.

इथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळमध्ये तो पाचशेच्या आसपास. आणि आम्ही उतरलो त्या लॉजच्या न्हाणीत पाटी होती, ‘पाणी जपून वापरा’. वस्तादनं ती दोनदा वाचली.

शुक्रवार, लखमापूरचा तलाव

पहाटे निघालो तेव्हा हवा चक्क थंड. साडेसातला ऊन पाठीला लागलं आणि नऊला त्यानं स्वतःचा रंग दाखवला. लखमापूरला कुंभीवरचं धरण आहे. पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला तांबड्या मातीचे एकाखाली एक पट्टे, प्रत्येक पट्टा म्हणजे पाण्याची एकेक जुनी पातळी. काठावरच्या चिखलात म्हशी बसलेल्या. मेव्हण्याला पाण्यात उतरायचं होतं, पण राखण करणारा माणूस म्हणाला, "हितं नको पाव्हणं, खाली गाळ हाय, पाय आडकतोय." ऐकलं.

उतारांवर काळे चौकोन दिसत होते. वणवा असेल असं लांबून वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की तरवा भाजलाय. भाताची रोपं जिथं टाकायची तेवढ्या तुकड्यावर शेण, झाडाची कवळं, पालापाचोळा आणि वर मातीचा थर पसरतात आणि पेटवून देतात. तण मरतं, राख खताला होते. एका शेतात नवरा-बायको दोघं हे काम करत होती. ती पाटीतनं शेण फोडून पसरत होती, तो मागून काठीनं सारखं करत होता. थर सगळीकडं एकसारखा हवा, नाहीतर मध्येच विझतं. वाऱ्याची दिशा बघून त्यानं खालच्या अंगानं न पेटवता वरच्या अंगानं पेटवलं, म्हणजे आग सावकाश खाली सरकते. आमच्याकडं न बघताच तो म्हणाला, "वाईच लांब बसा, धूर डोळ्यात जाईल."

खरा वणवा दुपारनंतर दिसला. अख्खी टेकडी काळी, कारवीच्या काड्या उभ्याच्या उभ्या कोळसा झालेल्या. असल्या उतारावरनं चालताना ऊन वरून लागतं आणि खालूनही. गवत चांगलं फुटतं म्हणून डोंगर पेटवतात असं सांगतात. मला ते कधी पटलेलं नाही. जळलेल्या मातीला पहिल्या पावसात धरून ठेवायला काही उरत नाही आणि ती सगळी तलावात जाऊन बसते.

वस्तादच्या पोटरीत गोळा आला तो याच उतारावर. गडी सपाट झोपला. मेव्हण्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पोटरी चोळली, डोक्यावर ओला टॉवेल टाकला. घाम इतका गेल्यावर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठही पोटात जावं लागतं. बदामाचा इथं उपयोग नाही, हे त्याला सांगायची हिंमत कुणी केली नाही. मुक्काम एका वाडीतल्या मारुतीच्या देवळात.

शनिवार, धामणीचं खोरं

डोंगरधारेवरची वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं. पाण्याची सिमेंटची टाकी गावाच्या वरच होती, पण नळ कोरडे. "पाणी कुठं मिळंल?" विचारल्यावर एका पोरानं खाली रानाकडं बोट केलं.

झऱ्यावर आधीच चार-पाच कळश्या रांगेत होत्या. झरा म्हणजे जांभ्याच्या कड्याच्या पायथ्याला दोन हात रुंद खड्डा, भोवती दगड रचलेले, वर एक जुनं उंबराचं झाड. तळाला वीतभर पाणी. एक आज्जी उकिडव्या बसून नारळाच्या नरोटीनं ते उचलत होत्या. नरोटी तळाला टेकू द्यायची नाही, टेकली की गाळ उठतो आणि मग सगळ्यांना थांबावं लागतं. त्या नरोटी आडवी धरून वरचं पाणी हळूच आत येऊ देत, मग कळशीच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यावर ओतत. दहा-बारा नरोट्या झाल्या की हात थांबायचा. पाणी पुन्हा वर येईपर्यंत बोलणं.

"कुठनं आलासा?"

"कोल्हापुरातनं, आज्जी. गगनबावड्यापासनं चालत."

"चालत? आन् गाडी बंद पडली व्हय?"

मेव्हणा हसायला लागला. आज्जींना हसू आलं नव्हतं, त्यांना खरंच काळजी वाटली होती. आमच्या बाटल्या बघून त्या म्हणाल्या, "आधी तुमचं भरून घ्या. तुम्हाला वर चढायचं हाय." आम्ही नको म्हटलं, रांगेतच थांबलो. अर्धा तास तरी गेला असेल. त्या अर्ध्या तासात झऱ्याचं सगळं गणित कळलं. वरच्या सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाचा, जांभा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली जातं. खाली घट्ट थर लागला की ते आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याला बाहेर पडतं. म्हणून वाड्या बघितल्या तर सड्याच्या कडेखालीच एका ओळीत वसलेल्या दिसतात. मे महिन्यात हा झरा बोटाएवढा होतो, पण आटत नाही, असं आज्जी सांगत होत्या. त्यांच्या सासूच्या वेळेलाही असाच होता. टाकी अलीकडची.

या वाडीवरनं दक्षिणेला धामणी नदीचं खोरं दिसतं. या खोऱ्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं पदरचे पैसे घालून नदीवर मातीचे बंधारे घातले. दर वर्षी घालायचे, पावसात वाहून जायचे, पुन्हा घालायचे. धामणीवरच्या राईच्या धरणाचं काम इतकं रेंगाळलं की ते बघत पोरांची लग्नं झाली. शेजारच्या खोऱ्यांत धरणं झाली, ऊस आला. इथं डोंगर तोच, पाऊस तेवढाच, पण अडवायला भिंत नव्हती. नुसता नकाशा बघून हा फरक कळला नसता.

उतरून म्हासुर्लीला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. एका घराच्या सोप्यावर बसायला मिळालं. ताक, भाकरी आणि मिरचीचा खर्डा. खर्ड्यानं घाम फुटतो आणि मग वारा लागला की गार वाटतं, हा वस्तादचा सिद्धांत. दोन भाकरींपर्यंत तो मला खरा वाटला.

रविवार, तुळशी ओलांडून राधानगरी

म्हासुर्लीहून धामोडची चढण सकाळच्या पारी झाली म्हणून निभावली. धामोडजवळ तुळशी नदीवरचं धरण, साठा साडेतीन टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. जिल्ह्यातल्या मोठ्या भावंडांपुढं लहानच, पण या वाटेवरचा सगळ्यात देखणा तलाव मला हाच वाटला. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि पाण्यापर्यंत उतरलेली झाडी. काठावर कुसुंबाला नवी पालवी, तांबडी लाल. करवंदं पिकायला लागलेली. काळी बघून तोडावीत, तरी चारातलं एक आंबट निघतंच. बोटं चिकानं चिकट झाली की ती मातीला पुसायची.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे लहानपणापासून पाठ असतं. कोल्हापूरजवळच्या प्रयागला संगमावर जाऊन आंघोळही झालेली असते. पण यांतल्या एका नदीच्या उगमाकडून दुसरीच्या उगमाकडं चालत गेल्यावर, मधे किती डोंगर पडतो ते पायांना कळतं.

दुपार एका शाळेच्या व्हरांड्यात काढली. संध्याकाळी भोगावतीच्या खोऱ्यात उतरलो आणि शेवटचा टप्पा वडापच्या जीपनं राधानगरीला. डांबरी रस्त्यावरून उन्हात चालण्यात कसली मर्दुमकी आलीय!

सोमवार, लक्ष्मी तलाव आणि दाजीपूर

राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या कन्येचं, राधाबाई आक्कासाहेबांचं. फेजिवड्याजवळच्या धरणाचं काम महाराजांनी १९०८ च्या सुमारास हाती घेतलं. दुष्काळ बघितलेला राजा होता, आणि संस्थानाच्या तिजोरीच्या मानानं हे काम फार मोठं होतं. महाराज १९२२ साली गेले, धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. धरणाच्या या लक्ष्मी तलावात आज ८.३६ टीएमसी पाणी मावतं. भिंत लांबून बघितली. दगडी काम इतकं नेटकं की डोळा हटत नाही.

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. कोल्हापुरात पावसाळ्यात ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ ही बातमी आली की माणसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायला लागतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात हे आकडे पोराटोरांना पाठ झाले. आत्ता ते दरवाजे कोरडे ठणठणीत, त्यांच्या खालच्या दगडांवर एक कुत्रं सावलीला झोपलेलं.

पाणी ओसरलं की तलावातल्या शाहूकालीन बेनझीर व्हिलाकडं लक्ष जातं. महाराजांना पाण्याच्या मधोमध घर बांधावंसं का वाटलं असेल, याचं उत्तर काठावरच्या उन्हात उभं राहिलं की आपोआप मिळतं.

दाजीपूरला एसटीनं गेलो. अभयारण्यात पायी मोकाट फिरायला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. वनखात्याची रीतसर पावती, जीप आणि बरोबर गावातला वाटाड्या. १९५८ मध्ये दाजीपूरचं जंगल अभयारण्य झालं, १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात हेही आहे.

आत शिरल्याबरोबर ऊन एकदम कमी. अंजनीची झाडं निळ्या-जांभळ्या फुलांनी खोडापासून फांदीपर्यंत लगडलेली, खाली वाटेवरही निळा सडा. शेकरूचं घरटं दिसलं, शेकरू नाही दिसलं. सावराई सड्यावर मात्र सावलीचं नाव नाही. काळा-तांबडा जांभा तव्यासारखा तापलेला, बुटाच्या तळव्यातून कळत होतं. पावसानंतर इथं फुलांचे गालिचे असतात म्हणतात. आत्ता गवताची वाळलेली खुंटं.

गवे दिसले ते चारनंतर, एका पाणवठ्यावर. आधी नुसत्या फांद्या मोडल्याचा आवाज. मग एक मादी बाहेर आली, तिच्यामागं पिल्लू, मग आणखी सात-आठ. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यागत. पाण्याजवळ आल्यावर त्या लगेच प्यायला लागत नाहीत. एकजण मान वर करून उभी राहते, बाकीच्या पितात, मग ती पिते. वाटाड्यानं आवाज न करता बोटानं दाखवलं की शेवटी एक नर झाडीतच थांबलाय. परत निघाल्यावर तो म्हणाला, "कळप काय करत न्हाई. एकटा नर वाटंत गावला तर मात्र आपण वाट सोडायची." बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची गणना होते, त्याची तयारी चालू होती. उन्हाळ्यात जंगलातलं पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, म्हणून हे जमतं.

संध्याकाळी उगवाई देवीच्या टेकडीवर. खाली लक्ष्मी तलावाचा फुगवटा, डोंगरांच्या घड्यांत शिरलेला. मेव्हण्यानं अख्ख्या प्रवासात एकच फोटो काढला, तो इथं.

मंगळवार, काळम्मावाडी आणि वळीव

राधानगरीच्या दक्षिणेला डोंगर उतरलं की दूधगंगा. काळम्मावाडीचं धरण २५.३९ टीएमसीचं, म्हणजे राधानगरीच्या तिप्पट. प्रकल्पात कर्नाटकाचाही वाटा आहे. बुडालेल्या गावांची माणसं खाली पूर्वेकडं वसवली. आणि याच तलावातून थेट पाईपलाईननं कोल्हापूर शहराला पाणी २०२३ मध्ये पोचलं. त्यासाठी शहरानं किती वर्षं मोर्चे काढले, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगरमामांना मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "मामा, आम्ही तुमचंच पाणी पितो." ते म्हणाले, "प्या की. आमी बी आमचंच पितो, हंड्यानं." यावर काय बोलणार.

दुपारी दोनपासून हवा कोंदली. पानही हलेना. पश्चिमेला ढग चढायला लागले, खाली काळे, वर पांढरेशुभ्र. मामांनी शेरडं आवरली आणि आम्हाला म्हणाले, "झाडाखाली थांबू नगासा. त्या छपरात चला." छप्पर म्हणजे शेळ्यांचंच, पत्र्याचं, तिन्ही बाजूंना कुडाच्या भिंती. पोचतोय तोवर वारा सुटला. धुळीचा लोट तलावावरनं आला, मग टपोरे थेंब, मग गारा. पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वस्ताद, वीस शेळ्या आणि आम्ही. एक शेळी त्याच्या पिशवीला तोंड लावून खडीसाखरेचा शोध घेत होती, आणि त्याला तिला हाकलायला जागा नव्हती. पाऊण तासात सगळं संपलं. बाहेर आलो तर मातीला वास, हवेला गारवा, आणि ज्या ओढ्यात सकाळी वाळू होती त्यात तांबडं पाणी पळत होतं.

वळीव आंब्याचा मोहोर आणि कैऱ्या झोडपतो, तरव्याची राख वाहून नेतो, पत्रे उडवतो. पण त्या संध्याकाळी आम्ही पुरे तीन तास चाललो आणि कुणाला दम लागला नाही.

बुधवार, वाकीघोल ते कडगाव

वाकीघोलातल्या वाड्या, मग झाडीतली चढण, मग वेदगंगेच्या खोऱ्यात उतार. जळवा नाहीत, चिखल नाही, वाट मळलेली. सांगण्यासारखं काही घडलं नाही. कडगावात उसाचा रस प्यायलो आणि बाजारात काजूची बोंडं घेतली, ती खाऊन तिघांचेही घसे खवखवले.

गुरुवार, पाटगाव आणि रांगणा

पाटगावला मौनी महाराजांचा मठ. दक्षिण दिग्विजयाला निघण्याआधी शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते असं सांगतात. मठाचा सभामंडप लाकडी, आत इतकं गार की मेव्हण्यानं तिथंच राहायचा प्रस्ताव मांडला. याच मौनी महाराजांच्या नावानं गारगोटीला १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ उभं राहिलं.

हे गाव आता मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. परसात, काजूच्या बागेत, मधपेट्या. एका घरी पेटी उघडून दाखवली. सातेरी माशी आग्यासारखी अंगावर येत नाही, तरी आम्ही चार हात लांबच. घरातल्या ताई उघड्या हातानं चौकट उचलून उन्हाकडं धरत होत्या. मध भरलेल्या कप्प्यांवर मेणाची पांढरी झाकणं, खाली पिल्लांचे कप्पे. झाकण झालेल्याच मधाला हात लावायचा, उघडा मध पातळ असतो, टिकत नाही. उन्हाळ्यात माशांनाही पाणी लागतं म्हणून पेटीजवळ एक वाटी ठेवलेली, आणि त्या वाटीत काड्या टाकलेल्या, माश्या बुडू नयेत म्हणून. ताईंनी जाताना मधाची बाटली दिली, आणि वर "ह्यात पाणी घालू नगासा" म्हणून बजावलं. वस्तादनं त्या रात्री बदाम-खसखस वाटून त्यात तो मध घालून थंडाई केली. आठवडाभर त्याच्या बदामांची थट्टा केली होती, ती आम्ही दोघांनीही मागं घेतली.

तांब्याच्या वाडीपासनं भटवाडी, चिक्केवाडी करत रांगण्याची वाट जंगलातून जाते. चिक्केवाडीपर्यंत सावली चांगली. पुढं गडाला मुख्य डोंगरापासून जोडणारी चिंचोळी खिंड, आणि तिथून दरवाज्यांची साखळी. १६६७ च्या उन्हाळ्यात विजापूरकरांच्या बहलोलखानानं या गडाला वेढा घातला होता, आणि शिवाजी महाराजांनी जातीनं येऊन तो उठवला. चिलखतं घालून या उन्हात माणसं कशी लढली असतील कोण जाणे.

गडावर तलाव आहे आणि त्यात पाणी होतं. काठाला रांगणाईचं देऊळ. पाणी फडक्यानं गाळून उकळून घेतलं. हत्तीसोंड माचीवरून कोकण सरळ खाली, नारूरकडची झाडी, मधूनच कौलं. इथं पडलेला पाऊस माचीच्या पलीकडं गेला तर एका पावसाळ्यात अरबी समुद्राला मिळतो. अलीकडं पडला तर वेदगंगेतून दूधगंगेत, दूधगंगेतून कृष्णेत आणि सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात. मधे त्याला पाटगावचं धरण, बंधारे, उसाची शेतं आणि दोन-तीन राज्यांची भांडणं लागतात.

शुक्रवार

पहाटेच गड उतरलो, पाटगावात एसटी धरली. कुणी जाणार असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. दाजीपूरची पावती आधी चौकशी करून घ्यावी, पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. वाडीतल्या झऱ्यावर रांग असेल तर रांगेत थांबावं, आणि तिथं हातपाय धुऊ नयेत. रांगण्याला जाताना चिक्केवाडीत पाणी भरून घ्यावं. आणि धामणी ते तुळशी हा टप्पा वेळ नाही म्हणून गाळू नये, बाकी कुठलाही गाळला तरी चालेल.

गारगोटीच्या स्टँडवर वस्तादनं रांगण्याच्या खालचा नकाशा उघडला. आजरा, चंदगड, तिलारी. मेव्हणा म्हणाला, "तिकडं हत्ती हाय गा." वस्ताद म्हणाला, "मग बदाम जास्त घिऊया."